सिएनाची फरशी आणि सासूबाईंचा चष्मा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आमच्या तिन्ही बॅगा काट्यावर चढल्या आणि प्रत्येकीचं वजन मी घरी लिहून ठेवलं होतं तेवढंच भरलं. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. मेधा म्हणाली, "छान. आता माझ्या आईला एवढंच नीट परत आण."

मेधा स्वतः येणार नव्हती. तिच्या बँकेत ऐनवेळी कसलीशी तपासणी निघाली आणि तिची रजा गेली. उरलो आम्ही तिघं: मी, आमची तेरा वर्षांची सई आणि मिरजेहून महिनाभर आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई. जावई आणि सासू यांनी मिळून परदेशप्रवास केल्याचं आमच्या दोन्ही घराण्यांत ऐकिवात नाही. शहाणी माणसं असा प्रसंगच येऊ देत नाहीत.

सासूबाईंचा एक नियम आहे. जावयाकडे काही मागायचं नाही आणि जावयाला काही बोलायचं नाही. जेवताना मीठ माझ्या हाताशी असेल तर ते सईमार्फत मागवलं जातं. "सई, तुझ्या पप्पांना म्हणावं, सवड झाली की मीठ इकडे सरकवा." मी दोन फुटांवर बसलेला असतो आणि सगळं ऐकलेलं असतं, पण सईने निरोप सांगितल्याशिवाय मीठ हलवायचं नाही, एवढा शिष्टाचार पंधरा वर्षांत मीही शिकलोय.

अशा बाईंनी त्या उन्हाळ्यात फोनवर मेधाला सांगितलं, "इटलीत सिएना म्हणून गाव आहे एक. तिथलं चर्च बघायची इच्छा आहे. जमलं तर. नाही जमलं तरी काही बिघडत नाही." मेधाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. आईने आजवर मागितलेली ही पहिली गोष्ट, असं ती म्हणाली.

इच्छा होती ती फरशीची. सासूबाईंनी मिरजेच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. शाळेच्या कपाटात पाश्चात्त्य कलेचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात एका पानावर सिएनाच्या कॅथीड्रलच्या संगमरवरी फरशीवरची एक बाई होती. रंग नाही, छाया नाही. पांढऱ्या दगडात नुसत्या काळ्या रेषेने उभी केलेली. रेष म्हणजे काय, हे त्यांनी मिरजेतल्या शेकडो मुलींना त्या एका पानावरून शिकवलं. ती फरशी वर्षातला बराच काळ लाकडी फळ्यांखाली झाकलेली असते, माणसांच्या पायांनी झिजू नये म्हणून. ऑगस्टच्या मध्यापासून काही आठवडेच ती उघडी करतात. सिंगापूरच्या शाळांना सप्टेंबरात आठवडाभर सुट्टी असते. हे दोन्ही जुळलं, तेव्हा सगळं काही माझ्यासाठीच आखलेलं आहे असं मला वाटलं.

घाईला कारण होतं. सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर उणे चौदा. उजव्या डोळ्याचा पडदा दोन वर्षांपूर्वी गेला, आता डाव्याचा झिजतोय. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बाई, लांबचे बेत आता लांबवू नका."

मी आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. यंत्र बिघडण्याआधी ते कुठे बिघडेल हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे सहलीचं एक्सेल शीट मी ज्या आत्मविश्वासाने केलं, त्याबद्दल आज बोलवत नाही. सिएनात तीन दिवस. पहिल्या दिवशी चौक, दुसऱ्या दिवशी गल्ल्या, तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला कॅथीड्रल. मी जेवणातसुद्धा गुलाबजाम शेवटी खातो.

"सई, पप्पांना विचार," सासूबाई आमच्या पासिर रिसच्या घरात ते शीट हातात धरून म्हणाल्या, "फरशी पहिल्याच दिवशी नाही का जमायची?"

सईने विचारलं. मी म्हणालो की उत्तम ते शेवटी असावं, म्हणजे उत्कंठा वाढत जाते.

"असू दे, असू दे. त्यांनी विचार करूनच ठरवलं असेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या माहेरी या वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो, हे मेधाने मला नंतर सांगितलं.

रोमला उतरून आम्ही आगगाडी धरली आणि मध्ये एकदा गाडी बदलून दुपारी सिएनाला पोचलो. गाव डोंगरावर, स्टेशन पायथ्याशी. वर जायला सरकते जिने आहेत, एकामागून एक, संपेचनात. सई सवयीने डाव्या बाजूला उभी राहिली, कारण सिंगापुरात घाईच्या माणसासाठी उजवी बाजू मोकळी सोडतात. आमच्या पुढच्या पायरीवर एक जोडपं दोन्ही बाजू व्यापून एकमेकांच्या गळ्यात पडलं होतं. सई मागून "एक्स्क्यूज मी" म्हणाली. ते दोघं प्रेमाने तिच्याकडे बघून हसले आणि पूर्ववत झाले. या गावात कुणालाच कुठे वेळेवर पोचायचं नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

वेशीतून आत शिरलं की सगळं भाजक्या विटेच्या रंगाचं. रस्ते इतके अरुंद की दोन्ही बाजूच्या घरांतल्या बायकांनी खिडकीतून वाटीभर साखर सहज पलीकडे द्यावी. आणि चढ-उतार! सासूबाईंनी नऊवारी नाही पण सहावारीच, पायात मेधाने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्‌स शूज आणि डोळ्यांवर नंबरचा काळा गॉगल, अशा थाटात तो चढ माझ्याआधी चढून टाकला. उन्हाचा त्यांना त्रास होतो, म्हणून बाहेर गॉगल आणि आत साधा चष्मा. बाहेर पडताना साधा चष्मा डबीत जातो आणि डबी पर्समध्ये.

गावाच्या मधोमध कांपो नावाचा चौक आहे. चौक म्हणायचं, पण तो शिंपल्यासारखा पसरट आणि एका बाजूला उतरता. लोक त्या विटांच्या उतारावर खुशाल आडवे होऊन ऊन खात होते. सिंगापुरात सार्वजनिक जागी असं आडवं झालेल्या माणसाला पाच मिनिटांत कुणीतरी "आर यू ओके?" म्हणून विचारेल. आम्हीही बसलो. एक काठीवाले आजोबा समोरून जाताना थांबले, त्यांनी टोपी उचलली आणि सासूबाईंना म्हणाले, "बेल्लिसिमा!"

"काय म्हणतायत गं?"

"आजी, ही सेज यू आर व्हेरी ब्यूटिफुल," सई खिदळत म्हणाली.

"त्यांना म्हणावं, डोळे तपासून घ्या," सासूबाई म्हणाल्या. पण पदर सारखा केला.

रात्रीच्या जेवणाला पीची (हाताने वळलेल्या जाड शेवया) टोमॅटो आणि लसणीच्या रश्शात आल्या. सासूबाईंनी एक शेवई काट्यावर उचलून नाकाशी नेऊन तपासली. "वळणारीला घाई होती," असा निकाल दिला आणि बशी साफ केली. पानफोर्ते नावाची बदाम-मसाल्यांची एक चिवट मिठाई तिथे प्रसिद्ध आहे. ती चाखून त्या म्हणाल्या की हा डिंकाचा लाडूच आहे, फक्त वळायचा कंटाळा केलाय. एकूण सिएनाचा स्वयंपाक त्यांना आवडला. तिथल्या बायकांच्या हाताबद्दल मात्र त्यांचं मत फारसं चांगलं झालं नाही.

दुसरा दिवस गल्ल्यांचा. सिएनाचे सतरा कोंत्रादे आहेत. कोंत्रादा म्हणजे आपल्या पुण्याची पेठ समजा. प्रत्येकाचं निशाण वेगळं, झेंडा वेगळा, चर्च वेगळं. कुणाची गोगलगाय, कुणाचा हंस, कुणाचं साळिंदर. वर्षातून दोनदा कांपोत घोड्यांची शर्यत होते आणि त्यापायी हे लोक शेजारच्या पेठेशी पिढ्यानपिढ्या वैर धरून असतात. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. साळिंदरवाल्यांच्या गल्लीत एका दुकानदाराने आम्हाला हे सगळं अर्ध्या इंग्रजीत आणि पूर्ण हातवाऱ्यांत सांगितलं. त्याची बायको गोगलगायवाली होती.

"मग शर्यतीच्या दिवशी?" सईने विचारलं.

"शर्यतीच्या आठवड्यात ती तिच्या आईकडे जाते," तो म्हणाला. "मी तिला फोन करत नाही. ती मला फोन करत नाही. शर्यत संपली की येते. जिंकली असली तर चार दिवस उशिरा."

सईने हे मराठीत सांगितल्यावर सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या माणसाला नमस्कार केला. "माहेरपणाची रीत आहे हो यांच्याकडे," त्या म्हणाल्या. तेवढ्यापुरते त्यांनी इटालियन बायकांना शेवयांचे गुन्हे माफ केले.

परत येताना एका वळणावर कॅथीड्रलचा मनोरा दिसला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. सासूबाई तिथेच थांबल्या. रस्त्यात, माणसांना धक्के लागत असताना, बराच वेळ थांबल्या.

"सई, पप्पांना विचार, आता आपण इतक्या जवळ आलोच आहोत तर."

"पप्पा, कॅन वी गो नाऊ?"

"तिकिटं उद्याची आहेत," मी म्हणालो. "उद्या साडेचार. एकदम निवांत."

"असू दे, असू दे," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आधी पोटोबा मग विठोबा. कांपोच्या मागच्या बोळात एक पिझ्झाचं छोटं दुकान होतं. आत काचेआड पिझ्झाचे मोठमोठे चौकोन मांडलेले, बाहेर बोळात तीन टेबलं. दोन भरलेली, एक रिकामं. आत जाऊन आपलं आपण निवडून आणायचं. सासूबाई शाकाहारी, कशात काय आहे ते सईने विचारून घ्यायचं आणि पैसे मी द्यायचे. म्हणजे तिघांनीही आत जाणं भाग होतं. अशा वेळी सिंगापुरात माणूस काय करतो, हे इथे सांगायला हवं.

आमच्याकडे हॉकर सेंटर असतात, म्हणजे एका मोठ्या छपराखाली भरलेली खाऊगल्ली. दुपारी तिथे खुर्ची मिळणं कठीण. म्हणून आधी टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. याला "चोप करणं" म्हणतात. त्या एवढ्याशा पाकिटाला कुणी हात लावत नाही. छत्री ठेवा, ऑफिसचा पास ठेवा, फोन ठेवा. अर्ध्या तासाने परत या, सगळं जागच्या जागी. मी पहिल्यांदा सिंगापूरला आलो तेव्हा हे पाहून हसलो होतो. बारा वर्षांत तो माझा धर्म झाला. बोटं आपोआप खिशाकडे जातात.

मी टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं. बोळातून वारा आला आणि ते उडालं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उडालं. त्यावर ठेवायला काहीतरी जड हवं होतं.

"आई, तुमच्या पर्समधली ती डबी जरा देता?" मी म्हणालो.

सासूबाईंनी पर्स उघडून चष्म्याची डबी माझ्या हातात दिली. कशाला हे त्यांनी विचारलं नाही. जावयाने मागितलं की द्यायचं. मी ती पाकिटावर ठेवली, नीट बसली आहे ना ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि आम्ही तिघं आत गेलो.

आठ मिनिटांनी तीन बशा घेऊन बाहेर आलो तर टेबलावर एक जर्मन कुटुंब जेवत होतं. पाकीट नाही. डबी नाही.

ते लोक चांगले होते. ते म्हणाले, आम्ही आलो तेव्हा टेबल पुसून स्वच्छ केलेलं होतं. मी आत धावलो. काउंटरवरच्या मुलीला मी टिश्यूच्या पाकिटाने टेबल अडवण्याची पद्धत समजावून सांगू लागलो. ती सहानुभूतीने ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही कचरा टेबलावर ठेवलात आणि तुम्हाला वाटलं, तो आम्ही ठेवून घेऊ?"

मी बोळातल्या कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

"पप्पा, डोन्ट लाह! एव्हरीवन इज लुकिंग!" सई रडकुंडीला आली होती. सिंगापुरातली पोरं रडतानासुद्धा वाक्याला "लाह" जोडतात.

पाकीट सापडलं, टोमॅटोच्या रसात भिजलेलं. डबी सापडली नाही. ती तपकिरी चामडी डबी पाहून त्यात काही मौल्यवान असेल असं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला वाटलं असेल, की ती दुसऱ्याच पिशवीतून गेली, देव जाणे. मी चारही पिंपं पाहिली. शेजारच्या दुकानांत विचारलं. एका पोलिसाला गाठलं. त्याने चौकशी करतो म्हणून माझा नंबर घेतला आणि मग काळजीने माझ्या बाहीवरचं चीज झटकलं.

सासूबाई बोळाच्या टोकाला गॉगल लावून उभ्या होत्या. मी समोर गेलो तेव्हा म्हणाल्या, "सई, पप्पांना म्हणावं, जेवून घ्या आधी." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जावयाला ओरडायचं नाही या नियमाचा जावयाला एवढा जाच होऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

चष्म्याचं दुकान दुपारी बंद होतं. एक ते साडेतीन. मी मूळचा पुण्याचा, या पाटीशी माझी जुनी ओळख. पण पायरीवर तासभर बसून राहिल्यावर तिच्यातला विनोद आटतो. तेवढ्या वेळात मी मेधाला फोन केला. सिंगापुरात रात्रीचे आठ वाजून गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू तिच्याकडे डबी मागितलीस आणि तिने दिली?"

"हो."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "सुधीर, तिला ती फरशी दिसली पाहिजे. ती परत मागणार नाही कधी."

साडेतीनला दुकानदार आला. त्याने गॉगल यंत्रात ठेवून नंबर पाहिला आणि हळूच शीळ घातली. अशी काच बाहेरगावाहून मागवावी लागते, म्हणाला. आठवडा लागेल. आम्ही दुसऱ्या दिवशी परत निघणार होतो. त्याने गॉगलच्या काचा फडक्याने लख्ख पुसून दिल्या. त्याच्या हातात तेवढंच होतं.

साडेचारला आम्ही कॅथीड्रलच्या आत पाऊल टाकलं. बाहेर कडक ऊन आणि आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब, वर अंधारात गेलेले. खाली पसरलेली ती फरशी. जिकडे पाहावं तिकडे पायाखाली माणसं, घोडे, लढाया, बायका, जणू एखाद्या राजवाड्याभर कुणी रांगोळी काढून ठेवली आहे आणि ती पुसायला कुणी आलंच नाही.

"काळोख आहे गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी गॉगल काढला. "आता नुसतं धुकं."

मी माहितीपत्रक काढून घाईघाईने सांगू लागलो: आई, इथे एक लांडगी आहे, तिच्याभोवती प्राणी आहेत, हत्तीसुद्धा आहे, आणि पलीकडे एक मोठं चक्र...

"सई, पप्पांना म्हणावं, जरा थांबा."

"पप्पा, स्टॉप लाह. आजीला ऐकायचं नाहीये. शी वॉन्ट्स टु सी."

सईने आजीचा हात धरला आणि तिला बाजूच्या भागात नेलं. तिथे भविष्य सांगणाऱ्या दहा बायका ओळीने कोरलेल्या आहेत, पांढऱ्या दगडात. पुस्तकातली बाई त्यांच्यातलीच एक. भोवती दोर लावलेला होता, पण एका बाईचं पाऊल अगदी दोराशी आलं होतं.

"रेष कुठाय?" आजीने विचारलं.

"इथे. तुझ्या शूजच्या समोर."

सासूबाईंनी पर्स सईकडे दिली. पदर कमरेला खोचला. आणि त्या सणावाराला रांगोळी काढायला बसावं तशा, फतकल मारून, सिएनाच्या कॅथीड्रलच्या फरशीवर बसल्या. मग पुढे वाकल्या. आणखी वाकल्या. नाक दगडापासून चार बोटांवर येईपर्यंत वाकल्या. सासूबाई सुईत दोरा ओवताना चष्मा काढून सुई डोळ्याशी धरतात, हे मी पंधरा वर्षं पाहत होतो; पण उणे चौदाच्या माणसाला चार बोटांवरचं कुणाहीपेक्षा स्वच्छ दिसतं, हे माझ्या टेस्टिंगच्या डोक्यात आलं नव्हतं.

"सिन्योरा! सिन्योरा!" पहारेकरीणबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, म्हातारी पडली.

सईने त्यांना थांबवलं. एरवी मोठ्या माणसाने आवाज चढवला की आईच्या मागे लपणारी मुलगी. तिने सांगितलं की ही माझी आजी आहे, ती चित्रकलेची टीचर आहे, तिचा चष्मा माझ्या डॅडनी हरवला आणि तिला फक्त इतक्या जवळून दिसतं. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेला भाषांतर लागत नव्हतं. मग त्या गेल्या आणि बाकाखालची एक उशी घेऊन आल्या, प्रार्थनेला गुडघे टेकायला ठेवतात ती. आजीच्या गुडघ्याखाली सरकवली. फरशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नोन तोक्कारे" (हात लावायचा नाही). सासूबाईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात मागे बांधले.

माणसांचे लोंढे येत होते. मी सासूबाईंच्या मागे हात पसरून उभा राहिलो आणि चायनीज, फ्रेंच, अमेरिकन अशी सगळी मंडळी दोन्ही बाजूंनी वळवू लागलो. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एवढंच एक उपयोगी काम.

बऱ्याच वेळाने खालून हसण्याचा आवाज आला.

"सई, इकडे ये. खाली बस. ही टाच बघ. इथे रेष तुटलीय."

"झिजली असेल."

"झिजलेली नाही गं. इथे त्याने छिन्नी उचललीय. मग या इथून परत लावलीय. आणि बघ, पुढे पुन्हा थांबलाय. बारीक बारीक घाव आहेत सगळे." त्या मान वर न करता बोलत होत्या. "तीस वर्षं मी पोरींना सांगितलं, ही रेष एका दमात ओढलीय, हात न उचलता. तशीच ओढा म्हणून पट्ट्या मारल्या त्यांना. आणि हा शंभर ठिकाणी थांबलाय!"

त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. फरशीवर पडू नये म्हणून सईने ते पदराने टिपलं.

चर्च बंद व्हायची घंटा होईपर्यंत त्यांनी त्या बाईचं एक पाऊल पाहिलं आणि वस्त्राची वीतभर किनार. बाकी काही नाही. पहारेकरीणबाईंनी हात देऊन त्यांना उठवलं.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी गॉगल लावला.

"सुधीरराव," त्या म्हणाल्या.

सई मध्येच होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"पहिल्याच दिवशी का नाही आणलंत मला? मी दोनदा विचारलं. दोन दिवस माझ्याकडे चष्मा होता, आणि तुम्ही मला घोड्यांच्या गोष्टी ऐकवत फिरवलंत. आणि टेबलच अडवायचं होतं तर तुमच्या नाकावरचा चष्मा का नाही ठेवलात?"

"चुकलं, आई," मी म्हणालो. मला लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर छातीवरचा धोंडाही उतरला होता.

गॉगलखाली त्यांचे गाल लाल झाले. मग म्हणाल्या, "सई, पप्पांना विचार, कॉफी घेणार का."

सिंगापूरला परतल्यावर पासिर रिसच्या चष्मेवाल्याने चार दिवसांत नवा चष्मा करून दिला. त्या संध्याकाळी मी उत्साहाने सिएनाचे सगळे फोटो टीव्हीवर लावले. माणसं वळवताना मध्येच संधी साधून मी ते काढले होते: लांडगी, हत्ती, चक्र, लढाया, त्या दहाही बायका. सासूबाई नव्या चष्म्यातून एकेक बघत होत्या.

"हे सगळं तिथे होतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मी फार थोडं पाहिलं हो, सुधीरराव."

यावर मी काहीतरी समजूत घालू शकलो असतो. एक पाऊल का होईना, पण ते कुणी पाहिलं नसेल असं पाहिलंत, वगैरे. मेधाने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. त्यांनी थोडंच पाहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

"पुढच्या सप्टेंबरात परत जाऊ," मी म्हणालो. "उतरल्या उतरल्या आधी फरशी."

"डोळे राहिले तर."

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी झालोय की नाही, हे मेधाला विचारावं लागेल. पण शीट यंदा सासूबाईंनी केलंय, वहीच्या एका पानावर, आणि त्यात एकच ओळ आहे. डोळे राहिले तर त्या फरशी बघतील. नाही राहिले, तर त्या पहारेकरीणबाईंना गाठून मी विचारणार आहे, की या बाईंना एकदाच, अगदी हलक्या बोटाने, त्या रेषेवरून हात फिरवू द्याल का. त्यासाठी लागणारी चार इटालियन वाक्यं मी रोज सकाळी आंग मो किओच्या बसमध्ये घोकतो.